चार मिलिमीटर

सोळा वर्षांनी वहिनी दुकानाची पायरी चढून आत आल्या, तेव्हा तो एका चष्म्याच्या काडीत स्क्रू बसवत होता. स्क्रू इवलासा, मुंगीच्या डोक्याएवढा. त्यानं मान वर केली आणि स्क्रू चिमट्यातून सुटला. फरशीवर पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पुढचा सगळा दिवस तो मधूनच उठून, गुडघे टेकून तो स्क्रू शोधत राहिला, आणि आपण नक्की काय शोधतोय हे प्रत्येक वेळी विसरून पुन्हा खुर्चीवर येऊन बसला.

वहिनींनी काउंटरवर एक लोकरीचा मोजा ठेवला. राखाडी, टाचेला रफू केलेला. मग त्यात हात घालून आतला चष्मा बाहेर काढला.

"ओळखलात, भावजी?"

ओळखायचं काय होतं त्यात? काळी, जाड, जुन्या पद्धतीची फ्रेम. डाव्या काडीचं टोक चावून चावून चपटं झालेलं. विचार करताना बाबा ते दातांत धरायचे, आणि बाबांच्या दातांत काडी गेली की घरातली भांडीसुद्धा हळू वाजायची. उजव्या बिजागरीला पितळी स्क्रू होता, बाकीचे सगळे पांढरे. तो पितळी स्क्रू त्यानं स्वतः घातला होता, त्याच्या हाताशी तेव्हा दुसरा नव्हता म्हणून.

"कुठं मिळाला?"

"ह्यांच्या ट्रंकेत. तळाशी, थंडीच्या कपड्यांखाली." वहिनी बसल्या नाहीत. खांद्याला एक फुगलेली पिशवी होती, तिचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "पंधरा दिवस झाले. पंधरा दिवस मी त्यांना जेवायला वाढतेय आणि त्यांच्याकडे बघतेय."

"दादाला विचारलं नाहीत?"

"विचारून काय करू? ते खरं सांगतील. त्याचीच भीती वाटते." त्यांनी मोज्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "सोळा वर्षं मी भांडले. तुमच्याशी, ताईंशी, माझ्या माहेरच्यांशीसुद्धा. माझा नवरा चिडका असेल, हट्टी असेल, पण बापाला ढकलणारा नाही, असं छातीठोक सांगितलं. आणि ज्या चष्म्यासाठी तुम्ही सगळं घर पालथं घातलंत, तो ह्यांच्या मोज्यात. तुम्ही पोलिसांना सांगितलंत ते खरंच पाहिलं होतंत?"

"पाहिलं होतं."

"काय पाहिलंत?"

"हात," तो म्हणाला. "दादाचा हात बाबांच्या तोंडावर गेला. मग बाबा दिसेनासे झाले."

वहिनींनी मान हलवली, जणू सामानाच्या यादीतली एक वस्तू मिळाली. "मी चारला परत येते. पाचची बस घराकडे जाते, साडेपाचची माझ्या भावाच्या गावी. मी कपडे घेऊनच निघालेय. हा चष्मा कुणी ओढून काढलाय का, वाकवलाय का, ते तुम्हाला कळेल. तुमचा धंदाच आहे. कुठल्या बसमध्ये बसायचं ते मला तुम्ही सांगायचं."

आणि त्या गेल्या. दाराची घंटी थोडा वेळ हलत राहिली.

त्यानं चष्मा निळ्या कापडावर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता आतल्या खोलीत जाऊन पाणी प्यायला. परत आला. चष्मा होता तिथंच होता. गेली सोळा वर्षं, कुणी सांगत नसतानाही, तो मनातल्या मनात एक खटला चालवत आला होता. आरोपी ठरलेला, साक्षीदार ठरलेला, निकालही ठरलेला, आणि पुराव्याची एकच वस्तू गहाळ. दाढी करताना, बसची वाट बघताना, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत दिवा टाकून आतलं लालसर रान बघताना तो खटला चालू असायचा. आता ती वस्तू समोर आली होती आणि त्याला वाटलं होतं तसं काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, संतापही नाही. तळपायाला मात्र खाज सुटल्यासारखं होत होतं, एका जागी उभं राहवत नव्हतं. त्यानं शोकेसमधल्या फ्रेमा काढून पुसल्या आणि पुन्हा त्याच जागी लावल्या.

ते घर शहरापासून दीड तासावर, टेकडीच्या उतारावर होतं. पुढे रुंद व्हरांडा, त्याच्या खाली बाग, आणि व्हरांड्याच्या टोकापासून बागेत उतरणाऱ्या चौदा दगडी पायऱ्या. व्हरांड्यात चार खुर्च्या असायच्या. एकीवर बाबा, दुसरीवर बाबांचे पाय, तिसरीवर वर्तमानपत्रं आणि चौथी पाहुण्यांसाठी. मुलं पाहुण्यांत मोडत नसत. बाबांसमोर कुणी बसायचं नाही, हा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. घरात शिरल्यावर जोडे काढावेत तसं ते आपोआप होत होतं. ताई बाबांना चोरून न्यायमूर्ती म्हणायची. "न्यायमूर्ती स्थानापन्न झाले रे," ती स्वयंपाकघरात कुजबुजायची, "आता आपण उभे." दादा चाळीस वर्षांचा बाप्या झाला, ती बाग त्यानं एकट्यानं हिरवी ठेवली, त्याच्या बोटांच्या पेरांतली माती निघेनाशी झाली, तरी बाबांपुढे तो खांबाला टेकून उभाच असे.

त्या शनिवारी बाबांनी तिघांना बोलावून घेतलं होतं. घर आणि बाग आधीच्या मृत्युपत्रानुसार दादाला जाणार होती. आता बाबांच्या मनात होतं की सगळं विकावं आणि तिघांना सारखं द्यावं. रविवारी दुपारी वकील नवा कागद घेऊन येणार होता. दादाला राहतं घर सोडावं लागणार होतं, आणि तो जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलला नव्हता. रविवारी सकाळी व्हरांड्यात बाबा आणि दादा, दोघांचे आवाज चढले. तो स्वतः वरच्या खोलीत होता. शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार. तो खिडकीशी आला तेव्हा बाबा पहिल्या पायरीच्या कडेला उभे होते, पाठमोरे, आणि दादा बाजूला. दादाचा हात झटक्यात पुढे गेला, बाबांच्या चेहऱ्याकडे. मग पायऱ्यांच्या कडेला फक्त दादा होता.

तो धावत खाली पोचला तेव्हा दादा शेवटच्या पायरीवर बसला होता, बाबांचं डोकं मांडीवर घेऊन. बाबांचा चेहरा उघडा होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याच्या खुणा होत्या, ताज्या, लालसर. आणि त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो त्याच्या धंद्याचा. "चष्मा कुठाय?" दादानं वर बघितलं. "नव्हता घातलेला," तो म्हणाला. त्या क्षणी त्याला कळलं, की दादा खोटं बोलतोय. खुणा समोर होत्या. तिथून पुढचं सगळं त्या एका खोट्यावर उभं राहिलं. नवा कागद सहीवाचून राहिला, घर दादाला मिळालं. "कुणाच्या पथ्यावर पडलं ते बघ म्हणजे झालं," ताई म्हणाली. पोलीस अधिकाऱ्यानं तिघांना एका खोलीत बसवलं आणि तिथं त्यानं स्वतः दादाच्या देखत, त्याच्या तोंडावर सांगितलं: हात पुढे गेला, मी पाहिला. दादानं त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अधिकाऱ्याला म्हणाला, "पाय चुकला त्यांचा. मला दुसरं काही सांगायचं नाही." तीन दिवसांनी पोलिसांनी तेच लिहिलं आणि ते निघून गेले. घरच्यांनी काही तसं लिहिलं नाही.

आता त्यानं चष्मा हातात घेतला. फ्रेम वाकलेली नव्हती. ओढून काढताना कानामागची काडी पसरते, ती पसरली नव्हती. उजव्या काचेच्या कोपऱ्यात एक ओरखडा, बस्स. कुणीतरी दोन्ही हातांनी, सावकाश, झोपलेल्या माणसाचा काढावा तसा हा चष्मा काढला होता. हे त्याला आवडलं नाही. त्यानं चष्मा उलटा ठेवला आणि स्क्रू शोधायला पुन्हा खाली वाकला.

एकच्या सुमारास बेकरीवाला आला, सात वर्षांच्या मुलीला घेऊन. शाळेत डोळे तपासून चिठ्ठी दिली होती. मुलीच्या पुढच्या दोन दातांच्या जागी खिडकी होती आणि तोंड क्षणभर बंद नव्हतं. तिनं लाल फ्रेम निवडली, मग निळी, मग पुन्हा लाल. त्याला बरं वाटलं. त्यानं ठेंगणं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसून मिलिमीटरची पट्टी काढली.

"तुम्ही एवढे मोठे असून छोट्या स्टुलावर का बसता?"

"कारण तू छोट्या खुर्चीवर बसलीयेस."

"हे काय कारण?"

"गप गं," बेकरीवाला म्हणाला.

"विचारू द्या. बरोबर विचारतेय ती." हा प्रश्न त्याला आवडायचा. दुकानात आलेल्या प्रत्येक मुलाला तो हे शिकवायचा, कुणी विचारलं नाही तरी. "एक डोळा मीट. आता बोट नाकासमोर धर. बोटाच्या मागे फळीवरचं काय दिसतं?"

"हिरवी डबी."

"आता बोट तसंच ठेव आणि उभी राहा. बोट हलवायचं नाही हं. आता?"

ती उभी राहिली. "अय्या. आता खालची पिवळी डबी."

"बोट हललं?"

"नाही."

"डबी हलली?"

"नाही."

"मग हललं कोण?"

मुलगी विचारात पडली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "मी."

"शाब्बास. चष्म्याची काच म्हणजे तुझं बोट. तिच्यामागे डोळा. डोळ्यासमोर नेमकी कुठं खूण करायची ते मला बघायचंय. तर माझा डोळा तुझ्या डोळ्याच्या सरळ रेषेत हवा. म्हणून मी बसतो."

"आणि उभ्यानं खूण केली तर?"

"तर खूण वर लागेल," तो म्हणाला, आणि त्याचा हात पट्टीसकट हवेत थांबला.

मुलगी बघत राहिली. मग त्यानं तिचं माप घेतलं, लिहून ठेवलं, खात्री नाही म्हणून पुन्हा घेतलं, मंगळवारी या म्हणाला. ती दोघं बाहेर पडल्यावर त्यानं दाराला आतून कडी घातली. भर दुपारी हे त्यानं कधी केलं नव्हतं.

बाबांचं माप त्यानं उभ्यानं घेतलं होतं. दुकान घालून तीनच महिने झाले होते. बाबा म्हणाले होते, "फ्रेम हीच ठेवायची. काचा तुझ्या बसव." बाबांनी त्याच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. बायफोकल हवा होता, वरून लांबचं आणि खालच्या तुकड्यातून वाचायचं. तो खालचा तुकडा कुठं सुरू व्हावा, याचं माप खालच्या पापणीच्या रेषेत घ्यायचं असतं, माणसासमोर, बरोबरीनं बसून. हे त्याला ठाऊक होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलं होतं. बाबा आपल्या खुर्चीत बसले होते, चौथी खुर्ची रिकामी होती, हात लांबवला असता तर तिला लागला असता. आणि तो बाबांपुढे, नेहमीसारखाच, उभा राहिला. थोडा वाकला. काचेवर शाईचा ठिपका केला आणि मनात म्हणाला, झालं. खुर्ची ओढावी हा विचार त्याच्या मनात आला होता का? तो आता दुकानाच्या मधोमध उभा राहून तेच आठवत होता. आला होता. आणि खुर्ची ओढल्याचा आवाज होईल, बाबा काडी दातांत धरून वर बघतील, या भीतीनं तो विचार आल्या पावली परत गेला होता.

त्यानं चष्मा आरशासमोर जाऊन डोळ्यांवर चढवला. नाक त्याचं बाबांचं होतं, सगळे म्हणायचे, नाकावरून तू कुणालाही ओळखू येशील. चष्मा आपल्या घरी आल्यासारखा बसला. खालच्या तुकड्याची रेघ पापणीशी नव्हती. ती बुबुळाच्या पोटातून जात होती. त्यानं पट्टी लावली. चार मिलिमीटर वर. गव्हाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. तो दारापर्यंत गेला, कडी काढली आणि दुकानाच्या एकुलत्या एका पायरीकडे पाहिलं. वाचायच्या तुकड्यातून पायरी जवळ आली होती, फुगली होती, कडा वितळल्या होत्या. त्यानं पाय पुढे टाकला. पाय जिथं टेकायला हवा होता तिथं काहीच नव्हतं. चौकट धरली म्हणून सावरला. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला वळून बघून गेला.

मग ती आठवण आली, जी सोळा वर्षं त्या खटल्यात कुणीच हजर केली नव्हती. शनिवारची संध्याकाळ. चष्मा देऊन दोन तास झाले होते. बाबा व्हरांड्यात उभे, दादा खांबाला टेकून. बाबांनी दादाला नाही, त्याला विचारलं. विचारलं, हुकूम केला नाही. आयुष्यात त्यांनी त्याला बहुधा एवढं एकच विचारलं असेल. "पायरी जरा वर आल्यासारखी दिसते रे. असं असतं का?" आणि तो, तीन महिन्यांचा चष्मेवाला, बाबांनी आपल्याला काही विचारलं या आनंदात म्हणाला होता, "चार दिवसांत सवय होईल, बाबा." बाबांनी मान डोलावली. "ह्याला कळतं त्यातलं," ते दादाला म्हणाले. दादा तिथंच होता. दादानं सगळं ऐकलं होतं.

चार वाजता वहिनी आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. तो ठेंगण्या स्टुलावर बसला होता, चष्मा मांडीवर.

"पाचच्या बसमध्ये बसा," तो म्हणाला.

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"हा चष्मा चुकीचा आहे, वहिनी. मी चुकीचा केला. हा लावला की पायरी दिसते एकीकडे आणि असते दुसरीकडे. दादानं त्यांना ढकललं नाही. त्यांचा तोल जाताना धरायला हात पुढे केला असणार, किंवा चष्मा काढायला. तेवढा मी पाहिला. आणि मग त्यानं चष्मा लपवला, कारण कुणी माप घेतलं असतं तर मी सापडलो असतो."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. रडतील असं त्याला वाटलं. त्या रडल्या नाहीत.

"म्हणजे त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"हो."

"आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर पोलिसांना सांगितलंत तेव्हाही."

"हो."

"माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत," त्या सावकाश म्हणाल्या. "बसमध्ये माझ्याशेजारी बसू नका, भावजी. मागे बसा."

तो मागे बसला. दीड तास वहिनींचा अंबाडा पुढच्या सीटच्या वर हलत होता आणि तो त्याच्याकडे बघत होता. खिशात चष्मा होता, पट्टी होती. शहर संपलं, गोदामं संपली, चढ लागला. उतरून जावं असं त्याला प्रत्येक थांब्यावर वाटलं. दादा काय म्हणेल याची त्यानं वीस तऱ्हांनी जुळवाजुळव केली. शिव्या, माफी, दार लावून घेणं. प्रत्येकीत तो स्वतः दादापुढे उभा होता.

व्हरांड्यात अजून ऊन होतं. चारऐवजी दोनच खुर्च्या उरल्या होत्या. दादा एकीत बसला होता, पायावर पाय टाकून, बागेकडे तोंड करून. केस पांढरे झाले होते. वहिनी त्याच्याजवळून सरळ आत गेल्या. पावलांच्या आवाजावरून त्यानं मान वळवली आणि डोळे बारीक केले.

"कोण?"

"मी."

त्यानं खिशातून चष्मा काढला आणि समोर धरला. दादानं तो बघितला की नुसता ओळखला, कोण जाणे.

"हिनं काढला वाटतं," तो म्हणाला. "मोज्यात बरा होता."

"मी आज माप घेतलं त्याचं."

"आज?" दादाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "लवकर घेतलंस."

आतून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार.

"दादा, मी पोलिसांना तेव्हा..."

"माहीत आहे. मी तिथंच होतो."

"सांगितलं का नाहीस मला?"

दादानं हाताचे पंजे गुडघ्यांवर पसरले. पेरांत माती होती. "तीन महिन्यांचं दुकान होतं तुझं. पुन्हा हातात चष्मा धरला नसतास. काढा तो चष्मा, म्हणून मी सकाळपासून त्यांच्या मागे लागलो होतो. ऐकतात कसले. माझ्या मुलानं केलाय म्हणे." तो थांबला. "पहिलं वर्ष तुझ्यासाठी गप्प बसलो. उरलेली पंधरा रागानं. ते वेगळं आहे, एकात एक धरू नकोस."

"नाही धरणार."

तो दादापुढे उभा होता, थोडा वाकून. दादानं पायानं दुसरी खुर्ची पुढे ढकलली. दगडावर तिचा कर्कश आवाज झाला, आतल्या खोलीपर्यंत जाईल असा.

"बस."

तो बसला. आता दोघांचे डोळे एका रेषेत आले, आणि त्याला दिसलं की दादा त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या जरासा बाजूला बघतोय.

"किती दिसतं तुला?"

"तू आहेस एवढं दिसतं. तोंड नाही दिसत."

"आणि चष्मा?"

"सोळा वर्षांत लावला नाही. घरात आणू देत नाही कुणाला."

त्यानं खिशातली पट्टी काढली. दादाच्या नाकावर आडवी धरली, करंगळी त्याच्या गालाला टेकवली. गाल गरम होता, खुंट बोचत होते. आकडे दिसत होते, पण पट्टीवर जागेवर राहत नव्हते.

"हलू नकोस, दादा."

"मी कुठं हलतोय?" दादा म्हणाला. "तुझा हात हलतोय. थांब जरा. मी बसलोय."